हृदयाचा कॅल्शियम स्कोअर : एका व्यापाऱ्याचा अनुभव

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सीबीडी बेलापूर येथे आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानमालेत माझ्याआधी दोन डॉक्टर बोलून गेले आणि आज कापडाच्या गादीवर आयुष्य काढलेला माणूस हृदयावर बोलायला उभा आहे, हे पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. हृदयाविषयी माझे ज्ञान रुग्णाचे आहे, वैद्याचे नाही. परंतु गेल्या दीड वर्षात माझ्यावर जे गुदरले, त्यातले काही आपल्या कामी येईल असे विश्वस्तांना वाटले आणि त्यांच्या आग्रहाखातर मी हे धाडस करीत आहे.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत माझ्या वाढदिवसानिमित्त सूनबाईंनी मला संपूर्ण शरीरतपासणी भेट दिली. पूर्वी वाढदिवसाला शाल मिळत असे, आता तपासणी मिळते. मला कोणताही त्रास नव्हता. दुकानाचे दोन जिने दिवसातून दहा वेळा चढत होतो. तंबाखू, विडी, मद्य यांचा स्पर्श नाही. जन्मापासून शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणही वर्ज्य. तेव्हा अहवाल उत्तमच येणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. त्या तपासणीत हृदयाचे एक साधे सीटी स्कॅन होते. हातात सुई नाही, औषध नाही. छातीला तीन-चार तारा लावल्या, काही क्षण श्वास रोखायला सांगितला आणि काम संपले. तिसऱ्या दिवशी कागद आला. त्यावर लिहिले होते, कॅल्शियम स्कोअर ५४८.

हा आकडा म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. शेजारी लाल शाईत ‘अतिजोखीम’ असा शिक्का होता, तेवढे मात्र समजले.

आमचे वडील अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कापडबाजारात गादीवर बसल्या बसल्या गेले. वय एकसष्ट. त्या सकाळी त्यांनी छातीत गॅस धरल्याची तक्रार केली होती आणि आईने ओवा-काळे मीठ दिले होते. ती आयुष्यभर त्या ओव्याबद्दल स्वतःला दोष देत राहिली. मी चौसष्टाव्या वर्षात होतो, वडिलांपेक्षा तीन वर्षे अधिक जगलेला. तो कागद पाहिल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो ओवा.

त्याच दिवशी तपासणी केंद्रातून दूरध्वनी आला. आकडा फार मोठा आहे, उद्याच अँजिओग्राफी करून घ्या, ब्लॉक दिसले तर त्याच टेबलावर स्टेंट बसवून टाकू, पॅकेजमध्ये सवलत मिळेल. ‘आजच्या आज निर्णय घेतला तर’ हे शब्द मी जन्मभर गिऱ्हाइकांना वापरले आहेत. सेलच्या शेवटच्या दिवशी आम्हीही असेच बोलतो. त्यामुळे माझ्यातला व्यापारी सावध झाला खरा. पण माझ्यातला वडिलांचा मुलगा घाबरलेलाच होता.

त्या रात्री दोन वाजता मी उठलो आणि उधारीची यादी लिहू लागलो. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, भिवंडीच्या कोणत्या व्यापाऱ्याशी तोंडी व्यवहार आहे, गाळ्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत. पहाटे चारला सौभाग्यवती उठल्या. मी वहीत डोके घालून बसलेला पाहून त्यांनी एवढेच विचारले, “अहो, हे सगळे आजच का?” मला उत्तर देता आले नाही. ती वही मी पुढेही पूर्ण केली, आणि अशी वही प्रत्येक व्यापाऱ्याने करून ठेवावी, असे माझे मत आहे. मात्र ती दुपारी, शांत डोक्याने करावी.

आता हा आकडा काय सांगतो ते सांगतो. मला समजावले गेले तसे, माझ्या धंद्याच्या भाषेत.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो, तिथे दाह होतो आणि तो भरून येताना त्यात चुना बसतो. हाडासारखा पांढरा असल्यामुळे हा चुना सीटी स्कॅनमध्ये दिसतो. अमेरिकेतील डॉ. आर्थर ॲगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली तो मोजण्याची रीत घालून दिली. आपण कापड मीटरने मोजतो आणि भाव पोताप्रमाणे लावतो, तसेच हे आहे. चुन्याच्या प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ घ्यायचे, त्याला घनतेप्रमाणे १ ते ४ या अंकांपैकी एकाने गुणायचे आणि सर्व ठिपक्यांची बेरीज करायची. शून्य आले तर उत्तम. १ ते ९९ सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० आणि त्यापुढे भारी. माझ्या ५४८ पैकी ३१२ डाव्या बाजूच्या पुढल्या मोठ्या धमनीत, १६४ उजव्या धमनीत आणि ७२ मागून वळणाऱ्या धमनीत होते. डावीकडच्या मुख्य खोडात शून्य, आणि ते शून्य किती मोलाचे आहे हे मला नंतर उमगले.

हा आकडा म्हणजे ब्लॉकची टक्केवारी नव्हे. मी तसे समजलो होतो आणि आपल्यातलेही अनेक जण तसेच समजतात. चुना अस्तराच्या आत असतो. धमनीचा मार्ग किती अरुंद झाला आहे, हे या तपासणीत दिसत नाही. ५४८ आकडा असूनही मार्ग पुरेसा मोकळा असलेली माणसे असतात. उलट, ज्याचा चुना कमी पण थर मऊ आहे, अशा माणसालाही झटका येऊ शकतो, कारण धोका मऊ थर फुटण्याचा असतो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. मग चुना मोजायचाच कशाला? तर जिथे जुना चुना पुष्कळ, तिथे नवा मऊ थरही बहुधा असतोच. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर हा वर्षअखेरचा शिल्लक साठा आहे. यंदाचा नफा-तोटा त्यात दिसत नाही. तो पाहायला कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर ही चालू खाती उघडावी लागतात.

पुढचे आठ-दहा दिवस मी रात्री संगणकावर वाचीत बसलो. हे करू नये, पण प्रत्येक जण करतो. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा स्कोअर २००९ साली ३४, २०१३ साली ९८ आणि २०१८ साली १३३ होता, हे त्यांच्या डॉक्टरांनी २०१८ साली पत्रकारांसमोर जाहीरपणे सांगितले. त्यानंतरही गृहस्थ किती जोरात आहेत, हे आपण पाहतोच! ते वाचून मला धीर आला. दुसऱ्याच रात्री टिम रसर्ट यांची हकिकत वाचनात आली. अमेरिकेतील हे नामांकित दूरदर्शन पत्रकार. १९९८ साली स्कोअर २१०, औषधे चालू, स्ट्रेस टेस्टही पार पडलेली, आणि जून २००८ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काम करता करता गेले. आपल्याकडेही हजारो हृदयांवर हात चालवलेले डॉ. नीतू मांडके २००३ साली ऐन पन्नाशीत हृदयविकारानेच गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. एका रात्री धीर यावा, दुसऱ्या रात्री तो जावा, असे चालले होते. अखेर मुलाने संगणक बंद केला आणि म्हणाला, “पप्पा, आता माणसाकडे जाऊ या.”

आम्ही ज्या दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पहिली वीस मिनिटे कागद उघडलाच नाही. छातीत दाब येतो का, चालताना धाप लागते का, जिने चढताना जबडा किंवा डावा हात दुखतो का, वडील कसे गेले, घरात आणखी कोणाला त्रास आहे का, असे प्रश्न विचारत राहिले. मग रक्त तपासले. वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला एलडीएल म्हणतात, ते १३८. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाब १४६/८८. आणि लिपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी, जिचे नावही मी ऐकले नव्हते. ती पन्नासच्या आत असावी. माझी ७८ आली.

ही शेवटची गोष्ट मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात होते. विडी नाही, मांस नाही, तरी मलाच का, हा तो प्रश्न. लिपोप्रोटीन-ए हे कोलेस्टेरॉलचेच एक चिकट भावंड. ते किती असावे हे जवळपास पूर्णपणे आईवडिलांकडून मिळालेल्या गुणसूत्रांवर ठरते. आहाराने वा व्यायामाने ते फारसे हलत नाही, आणि आपल्या भारतीय रक्तात ते वाढलेले वारंवार आढळते. डॉक्टर म्हणाले, “काका, वडिलोपार्जित इस्टेटीत दुकानाबरोबर हेही आले.” हे आयुष्यात एकदा तपासले की सहसा पुन्हा तपासावे लागत नाही. मात्र ते वाढलेले निघाले तर मुलाबाळांचेही तपासावे. माझ्या छत्तीस वर्षांच्या मुलाने पाच महिने टाळाटाळ केली. अखेर त्याच्या आईने एक दिवस जेवणाचे ताट वाढायलाच नकार दिला, तेव्हा गेला.

आपण शाकाहारी म्हणून सुरक्षित, हा समज मी अनेक वर्षे बाळगला आणि दुकानात ऐकवलाही. शाकाहाराचे आध्यात्मिक मोल मी तसूभरही कमी लेखत नाही आणि आरोग्यासाठीही तो उत्तम पाया आहे. पण आपला शाकाहार ताटात कसा दिसतो? सकाळी चहाबरोबर फरसाण, दुपारी तुपाची धार, चारला कचोरी, लग्नसराईत महिनाभर मिठाई, वरून पापड-लोणच्याचे मीठ, आणि दिवसाचे अकरा तास मांडी घालून गादीवर. हिंसा टळली, धमनी मात्र भरली. वनस्पती तुपातल्या घातक चरबीवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, ही चांगली गोष्ट झाली. पण कढईतले तेच तेल चार वेळा तापवणाऱ्याला सरकार कुठवर अडवणार!

आता निर्णयाकडे येतो. अँजिओग्राफी करायची की नाही?

डॉक्टरांनी सांगितले, छातीत दुखत असते, हृदयाची ताकद कमी झालेली असती किंवा स्ट्रेस टेस्टमध्ये लवकर आणि मोठा बिघाड दिसला असता, तर मी स्वतः तुम्हाला टेबलावर नेले असते. माझी टूडी एको उत्तम निघाली. स्ट्रेस टेस्टवर मी दहा मिनिटे चाललो आणि रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसली नाही. मी रसर्टची गोष्ट काढली. ते म्हणाले, “बरोबर आहे. आज रक्त पुरते की नाही, हे ही टेस्ट सांगते. उद्या थर फुटेल का, हे ती सांगत नाही आणि अँजिओग्राफीही सांगत नाही. थर फुटू नये म्हणून जे करायचे, ते गोळीने करायचे असते.”

त्यांनी मला ‘इस्केमिया’ नावाच्या मोठ्या अभ्यासाविषयी सांगितले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते. सर्वांचा आजार स्थिर, पण तपासणीत रक्तपुरवठा बऱ्यापैकी कमी पडत असलेला. म्हणजे माझ्यापेक्षाही पुढची अवस्था. निम्म्यांना औषधांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट वा बायपास. उरलेल्या निम्म्यांना आधी केवळ औषधे. सुमारे सव्वातीन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू आणि झटका यांत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. ज्यांना छातीत दुखत होते त्यांना मात्र स्टेंटने निश्चित आराम मिळाला. डाव्या मुख्य खोडात मोठा अडथळा असलेले रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते, कारण त्यांची गोष्ट वेगळी. माझ्या कागदावरचे ते शून्य मोलाचे होते ते यासाठी.

एक खुलासा आवर्जून करतो, नाहीतर इथून बाहेर पडताना कोणी म्हणेल की अमुकशेठ स्टेंटच्या विरोधात बोलले. ज्याला झटका आला आहे, त्याच्यासाठी तातडीची अँजिओप्लास्टी प्राण वाचवणारी आहे. तिथे मिनिटे मोजायची असतात, दुसरे मत घ्यायचे नसते. आपल्या संघातले किमान तीन जण आज या सभागृहात त्यामुळेच बसले आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली, त्याचाही अनेक कुटुंबांना आधार झाला. मी बोलतो आहे ते, ज्याला काहीही होत नाही आणि ज्याच्या हातात केवळ एक आकडा आहे, अशा माणसाविषयी.

तेव्हा ठरले ते असे. स्टॅटिन गटातील गोळी रोज. एलडीएल ५५ च्या खाली आणायचे. ज्यांचा स्कोअर ३०० च्या वर असतो, त्यांची जोखीम पूर्वी झटका येऊन गेलेल्या माणसाच्या जवळपास असते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून हे उद्दिष्ट कडक. रक्तदाबाची एक गोळी. ॲस्पिरिनच्या छोट्या मात्रेबद्दल आमची बरीच चर्चा झाली. तिच्यामुळे रक्तस्रावाचा धोकाही असतो. मला पूर्वी कधी अल्सर झाला नसल्याने ती सुरू केली. ही गोळी कोणीही माझे ऐकून सुरू करू नये.

स्टॅटिनविषयी आपल्यात फार गैरसमज आहेत, आणि एक शंका तर खास आपली आहे. मी वाचले होते की, हे औषध जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून शोधले. बुरशी म्हणजे अनंतकाय! माझे मन खट्टू झाले. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी सांगितले की पहिला शोध बुरशीतला खरा, परंतु आज सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या दोन्ही गोळ्यांचे मूळ औषध पूर्णपणे रासायनिक प्रक्रियेने तयार होते. दुसरी शंका चौविहाराची. मी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही आणि चिठ्ठीवर तर लिहिले होते, रात्री झोपताना. यावर उत्तर मिळाले की, या दोन गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे त्या दिवसाच्या कोणत्याही ठरावीक वेळी चालतात. आता मी ती सकाळी नवकारशीनंतर घेतो. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी लिहून मागितली, तीही मिळाली. सांगायचे तात्पर्य, नियमामुळे औषध सोडू नका. डॉक्टरांना नियम सांगा, बहुतेक वेळा वाट निघते.

दोन महिन्यांनी माझ्या पोटऱ्या दुखू लागल्या. मी कोणाला न विचारता आठ दिवस गोळी बंद केली. दुखणे थांबले नाही. मग कळले की नव्या बुटांचा दोष होता! २०२० मधील एका ब्रिटिश अभ्यासात, स्टॅटिनने त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच न देता पाहिले. खऱ्या गोळीवर जो त्रास नोंदला गेला, त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग खोट्या गोळीवरही नोंदला गेला. खरा स्नायूंचा त्रास काहींना होतो, साखरही किंचित वाढू शकते. तेव्हा डॉक्टर मात्रा वा गोळी बदलतात. मी केला तसा परस्पर कारभार करू नये.

हितचिंतकांचे सल्ले तर विचारू नका. एकाने दूध बंद करायला सांगितले, कारण कॅल्शियम! धमनीतला चुना दुधातून येत नाही. तो जुन्या जखमेवर शरीराने केलेला गिलावा आहे. दुसऱ्याने चिलेशन म्हणजे सलाईनमधून चुना धुऊन काढण्याच्या उपचाराचा पत्ता दिला. मोठी रक्कम, तीस बैठका. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पूर्वी झटका आलेल्या मधुमेही रुग्णांना त्याचा लाभ झालेला दिसला नाही. बसलेला चुना काढून टाकणारे औषध आज नाही, हे मला मान्य करायला वेळ लागला. व्यापाऱ्याला जुना माल काढून टाकायची सवय असते. इथे जुना माल तसाच ठेवून नवा साचू द्यायचा नाही आणि मऊ असेल तो घट्ट होऊ द्यायचा, एवढेच हाती आहे. गंमत अशी की, स्टॅटिनने थर घट्ट होताना स्कोअर थोडा वाढूही शकतो. म्हणून दर दिवाळीला स्कॅन करून साठा मोजण्याचा माझा बेत डॉक्टरांनी मोडून काढला. माझ्या बाबतीत पुढचा निर्णय त्या आकड्यावर नाही, एलडीएलवर ठरतो.

सौभाग्यवतींनी मला डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक वाचायला लावले. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या डॉक्टरांना १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झटका आला आणि त्यांनी आपले जगणेच मुळापासून तपासले. मला त्यातून एक प्रश्न उचलावासा वाटला, तो म्हणजे मी इतका कशासाठी धावतो आहे. १९८९ साली आम्ही इथे गाळा घेतला, तेव्हा रेल्वे मानखुर्दपर्यंतच होती. पुढे खाडीपुलावरून बस. दुकान चालेल की नाही या चिंतेने तेव्हा जी झोप उडाली, ती गाडी बेलापूरला आली, दुकाने दोन झाली, तरी परत आलीच नाही. चिंता हेच माझे भांडवल आहे, असे मी समजत होतो. आता दुकान साडेसातला मुलाच्या हाती देतो. पहिल्या महिन्यात त्याने चुकीच्या रंगाचे चाळीस तागे उचलले. मी काही बोललो नाही. ते तागे अजून पडून आहेत.

सर्वांत कठीण निर्णय मात्र शिखरजींचा होता. वडील गेले तेव्हा मी संकल्प केला होता की, साठीनंतर एकदा सम्मेदशिखरजींची वंदना पायी आणि निर्जळ करीन. संघाची तारीख ठरलेली, मीच संघपती. चढ-उतार आणि वरची परिक्रमा मिळून सत्तावीस किलोमीटर, पहाड साडेतेराशे मीटरहून उंच. घरातले म्हणाले, जाऊच नका. मी म्हणालो, जाईन तर पायीच. डॉक्टरांनी दोघांचेही ऐकले नाही. म्हणाले, हातात नऊ महिने आहेत. पारसिकच्या टेकडीवर रोज चाला, आधी वीस मिनिटे, मग चाळीस, मग तास. सहा महिन्यांनी पुन्हा स्ट्रेस टेस्ट करू. ती नीट आली तर पायी जा. पण रक्तदाबाची गोळी चालू असताना निर्जळ चढू नका, पाणी कमी पडले तर रक्तदाब कोसळेल.

पायी जाण्याची परवानगी मिळाली, निर्जळ राहण्याची नाही. त्या एका शब्दावर मी पंधरा दिवस अडून होतो. वडिलांच्या नावाने केलेला संकल्प मोडायचा कसा? शेवटी महाराजसाहेबांसमोर बसलो आणि सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “वाटेत तुम्ही पडलात, तर तुम्हाला उचलणाऱ्यांच्या वंदनेचे काय?” मग प्रायश्चित्त म्हणून बारा आयंबिल सांगितले. ते मी वर्षभरात, डॉक्टरांना दाखवून, महिन्याला एक याप्रमाणे करतो आहे. डिसेंबरात वंदना झाली. पहाटे तीनला निघालो, दर तासाला थांबून दोन घोट उकळलेले पाणी प्यालो. पार्श्वनाथांच्या टोंकेवर पोचायला इतरांपेक्षा अडीच तास अधिक लागले. तिथे बसून वडिलांची आठवण काढली. उतरताना गुडघ्यांनी हात टेकले, हृदयाने कुरकुर केली नाही.

उपवास करणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळ जण पर्युषणात अठ्ठाई करतात, कोणी वर्षीतप करतात. ज्यांना मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आहेत, त्यांनी पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांशी आणि गुरुभगवंतांशी दोघांशीही बोलावे. कोणती गोळी कमी करता येते, कोणती एक दिवसही सोडता येत नाही, हे माणसागणिक वेगळे असते. आणि पारण्याच्या दिवशी आपण जे तुपाचे, मिठाईचे ताट मांडतो, त्याचाही विचार व्हावा.

भगिनींनो, आपल्याकडे छातीतले दुखणे पुरुषांचे मानले जाते. स्त्रियांना झटका येताना कधी पाठ दुखते, कधी जबडा, कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा येतो. असे काही अवचित झाले तर ओवा देत बसू नका. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. आमच्या आईला हे कोणी सांगितले नव्हते.

विश्वस्तांना एक विनंती आहे. आपल्या वार्षिक शिबिरात रक्तदाब, साखर आणि ईसीजी होतो. साधा ईसीजी नीट आला म्हणजे धमन्या स्वच्छ, असे नव्हे. माझा दहा वर्षे नीटच येत होता. शिबिरात कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी आणि चाळिशीच्या आतल्यांसाठी एकदाच लिपोप्रोटीन-ए ठेवावे. पहिल्या वर्षीचा खर्च आमचे दुकान उचलेल. कॅल्शियम स्कॅन मात्र सरसकट नको. किरणोत्सर्ग थोडाच असतो, साधारण एक मिलिसिव्हर्ट, परंतु ज्याची जोखीम मुळातच कमी, त्याला त्याचा उपयोग नाही. आणि ज्याला औषध घ्यायचेच आहे, हे आधीच ठरलेले आहे, त्यालाही नाही. औषध घ्यावे की नाही या कुंपणावर जो बसला आहे, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

माझे एलडीएल तीन महिन्यांत १३८ वरून ६१ वर आले. मग इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडली, आता ते ४८ आहे. रक्तदाब १२६/७८. वजन सात किलोने कमी. मुलाचे लिपोप्रोटीन-ए ८१ निघाले, माझ्यापेक्षा तीन अधिक. त्याचे एलडीएल १५२ होते, ते त्याला माहीतच नव्हते. त्याचा उपचार सुरू झाला आहे. नातू नऊ वर्षांचा आहे. त्याचे कधी तपासायचे, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहोत.

मी वैद्य नाही. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र.